ओपन फाइल्सची मर्यादा: वाढवायची कुठे?

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स', एरर २४ (प्रोसेसची उघड्या फाइल्सची मर्यादा संपली) दिसली की बहुतेकांचा हात आधी लिनक्सच्या लिमिट्स.कॉन्फ या मर्यादांच्या फाइलीकडे जातो. ती फाइल पॅम या लॉगिन यंत्रणेमार्फत लॉगिन सेशनला लागू होते. सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्रॅम) सुरू केलेली सर्व्हिस त्या वाटेला जातच नाही. म्हणून शेलमध्ये यूलिमिट (मर्यादा दाखवणारी कमांड) ६५५३५ दाखवतो आणि डेटाबेस जुन्याच आकड्यावर अडलेला असतो. मायएसक्यूएल हाताने शेलमधून सुरू करणारे (अजून आहेत!) सोडले, तर हा पर्याय बाद. खरा आकडा प्रॉक डिरेक्टरीमध्ये, डेटाबेसच्या प्रोसेसच्या 'लिमिट्स' फाइलीत असतो.

मग उरतात दोन. 'सिस्टमसीटीएल एडिट' करून लिमिटनोफाइल (त्या सर्व्हिसची ओपन फाइल्सची मर्यादा) वाढवणं हा पक्का उपाय: पॅकेज अपग्रेड झालं तरी टिकतो. पण रीस्टार्ट लागतो, आणि भर गर्दीत रीस्टार्ट म्हणजे बफर पूल (मेमरीत ठेवलेला डेटा) पुन्हा गरम होईपर्यंत सगळ्या क्वेऱ्या रेंगाळणार. 'पीआरलिमिट' ही कमांड चालू प्रोसेसचीच मर्यादा वाढवते, एकही कनेक्शन तुटत नाही. मात्र पुढच्या रीस्टार्टला सगळं पुसलं जातं. शिवाय सुरू होताना फाइल्स कमी मिळाल्या म्हणून मायएसक्यूएलने टेबल ओपन कॅशे (उघडी टेबलं धरून ठेवणारा) आधीच छाटलेला असेल, तर तो आपणहून वाढत नाही. सेट ग्लोबल कमांडने वाढवावा लागतो. माझं मत: दुपारी पीआरलिमिट, रात्री सिस्टमडी. मायएसक्यूएलच्या माय.सीएनएफ या कॉन्फिग फाइलीत ओपन फाइल्स लिमिट कितीही लिहा, सिस्टमडीच्या हार्ड लिमिटपुढे (कमाल मर्यादेपुढे) ते जात नाही.

त्याआधी प्रोसेसच्या 'एफडी' डिरेक्टरीत (उघड्या फाइल्सची यादी) नेमकं काय साठलंय ते मोजा. सॉकेट्सच (नेटवर्क कनेक्शन्स) जास्त असतील तर कनेक्शन्स गळताहेत; मर्यादा वाढवून दुखणं फक्त पुढे ढकललं जाईल, पूलिंग (कनेक्शन्स पुन्हा वापरणं) दुरुस्त करा. आयबीडी फाइल्स (टेबलांचा डेटा) जास्त असतील तर पार्टिशन्स (टेबलाचे तुकडे, प्रत्येकाची वेगळी फाइल) तपासा: रोजचं एक पार्टिशन आणि दोन वर्षांचा डेटा म्हणजे एका टेबलामागे ७३० फाइल्स. इथे मर्यादा वाढवणं रास्त, किंवा महिन्याची पार्टिशन्स करा.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हिशोब वेगळा. तिथे प्रत्येक कनेक्शनची स्वतंत्र प्रोसेस असते आणि मॅक्स फाइल्स पर प्रोसेस मुळात १००० असतो. पाचशे कनेक्शन्स असली की बेरीज कर्नलच्या फाइल-मॅक्सला (सगळ्या सिस्टमची एकूण मर्यादा) भिडू शकते. मग एरर २४ नव्हे, २३ येते. अशा वेळी फाइल-मॅक्स वाढवता येतो, पण मी आधी ते १००० खाली आणेन.