अकॅडेमिक डिटेलिंग व्हिडिओ कॉलवर: चौदा महिने आणि दोन कार्ट्रिज

गेल्या गुरुवारी फार्मसिस्टबाईंनी नालोक्सोनचा, म्हणजे अफूवर्गीय औषधांच्या ओव्हरडोसवर नाकात मारायच्या उताऱ्याचा, डेमो स्प्रे कॅमेऱ्यासमोर धरला आणि तो गायब झाला. त्यांनी मागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं बॅकग्राउंड लावलं होतं, आणि त्याने पांढरी नळी गिळून टाकली. मला दिसत होती नुसती मूठ. बाई मन लावून सांगतायत, "हे टोक नाकपुडीत आत जाऊ द्या, मग अंगठ्याने दाबा." मी म्हटलं, अहो, काहीच दिसत नाहीये. त्या बॅकग्राउंड काढायला गेल्या आणि कॉलच कट झाला. त्या वैतागात हे लिहायला बसलोय.

अकॅडेमिक डिटेलिंग हा प्रकार काय असतो ते थोडक्यात. एमआर येतो तसाच माणूस दवाखान्यात येतो, फक्त विकायला काही नसतं. कुठलं औषध कधी द्यावं आणि कधी देऊ नये, एवढंच पुराव्यानिशी बोलतो. मी पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात प्रॅक्टिस करतो. इंटर्नशिप मिरजेला झाली, तेव्हा एमआरची बॅग उघडली की पेन, पॅड, कॅलेंडर निघायचं. इथे बाईंच्या बॅगेतून एक चकचकीत पत्रक निघायचं, बस.

पत्रकावर त्या बॉलपेनने माझ्याच पेशंटचा हिशोब मांडायच्या. ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक 20 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे 60, गुणिले दीड, 90 एमएमई (म्हणजे तेवढ्याच ताकदीचं मॉर्फिन किती मिलिग्रॅम होईल तो आकडा). मग पत्रकावरच्या 50 च्या आकड्याला, म्हणजे जिथून नालोक्सोन सोबत द्यायचा विचार करायचा त्या मर्यादेला, गोल करून विचारायच्या, "नालोक्सोन लिहून दिलंय का?" दिलेलं नसायचं. तो कागद महिनाभर माझ्या टेबलावर, माझ्याकडे बघत.

कोविडमध्ये भेटी तात्पुरत्या म्हणून व्हिडिओवर गेल्या, गेल्या वर्षीपासून कायमच्या. आता पत्रक पीडीएफ म्हणून येतं. बारा पानं, आणि प्रत्येक पान काठोकाठ गडद निळं! हे ज्याने डिझाइन केलं त्याने आयुष्यात स्वतःच्या पैशाने कार्ट्रिज घेतलेलं नसणार. मला स्क्रीनवर वाचलेलं लक्षात राहत नाही, त्यामुळे छापतो. चौदा महिन्यांत दोन रंगीत कार्ट्रिज, खिशातून. एकदा ब्लॅक-अँड-व्हाइट काढून पाहिलं, तर निळ्यावरची पांढरी अक्षरं राखाडीत बुडाली. पांढरी आवृत्ती द्या म्हणून दोनदा मेल केला. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." बरं.

आता न्यायाने बोलायचं तर सोय आहे. पूर्वी बाई दोन तास गाडी चालवत यायच्या, मी पेशंटमध्ये अडकलेला, त्या वेटिंग रूममध्ये, आणि शेवटी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या चार मिनिटं. आता सकाळी सव्वासातला पंधरा मिनिटं मिळतात, बर्फ पडलं तरी मिळतात. दुसऱ्या क्लिनिकमधल्या नर्स प्रॅक्टिशनरही (इथे औषधं लिहून देऊ शकणाऱ्या नर्स) जोडल्या जातात. त्यांच्याकडे पूर्वी कोणी फिरकत नव्हतं. तोटा एवढाच की पूर्वी माझ्या कपाळाला आठी पडली की बाई थांबायच्या. आता स्क्रीन शेअर झाली की माझा चेहरा टपाल तिकिटाएवढा, त्यात आठी कुठली दिसायला.

या पद्धतीचा मूळ अभ्यास 1983 चा, जेरी एव्हॉर्न आणि स्टीफन सुमराय यांचा. चार राज्यांतले 435 डॉक्टर, आणि टाळायच्या औषधांत प्रोपॉक्सिफीन ही वेदनाशामक गोळी, जी पुढे 2010 मध्ये अमेरिकेच्या बाजारातूनच गेली. ज्यांना फार्मसिस्ट प्रत्यक्ष भेटले त्यांच्याकडून ही औषधं 14 टक्के कमी लिहिली गेली. ज्यांना नुसतं छापील साहित्य टपालाने पाठवलं, त्यांच्यात दखल घ्यावी असा फरक नाही. म्हणजे कागदाची माझी तक्रार अभ्यासाला धरून नाही. तरी तक्रार आहे.

इथवर लिहून पाचपैकी अडीच देऊन ठेवले होते.

नंतरची भर: सोमवारी टपालाने जाड पाकीट आलं, बाईंनी डेमो स्प्रे पाठवलेला. आमच्या नर्सने उघडला, हातात धरला आणि सवयीने आधी हवेत एकदा दाबून बघितला. खऱ्या स्प्रेमध्ये एकच डोस असतो, 4 मिलिग्रॅम. हा खरा असता तर तो गेला असता छताला. तिच्या पाठोपाठ रिसेप्शनिस्टनेही तेच केलं. खरं सांगायचं तर मीही तेच केलं असतं. गुरुवारी नळी स्वच्छ दिसली असती तरी ही चूक व्हिडिओवर कोणाला कळली नसती, कारण आमच्या हातात काही नव्हतंच. आता तो ड्रॉवरमध्ये ठेवलाय, आणि स्प्रे लिहून दिला की पेशंटच्या घरच्यांच्या हातात देतो. दहातले सात-आठ जण आधी हवेत दाबतात.

बाईंना फोन करून मनापासून आभार मानले. साडेतीन करतो.

पाकिटात पत्रक मात्र नव्हतं. त्याची लिंक आली. निळीच.