कुलरच्या पंपाला एसटीसी-१००० लावला: पाणी वाचलं, वीज नाही

आमच्या आर्वी तालुक्यात कुलर म्हणजे पत्र्याचा डबा, तीन बाजूंनी ताट्या (पाण्याने ओल्या राहणाऱ्या गवती जाळ्या), आत अठरा इंची एक्झॉस्ट पंखा आणि तळाला १८ वॅटचा पंप. मे महिन्यात हा डबा दुपारी पुरत नाही आणि पहाटे सोसत नाही. स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकतो, तोवर पंप लागतोच. पण तीनच्या पुढे आईचे गुडघे आखडतात. मग कोणी तरी उठून पंपाचं बटण बंद करायचं. कोणी उठलंच नाही तर सकाळी टाकी कोरडी आणि पंप नुसता घरघरतोय. नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे ती टाकी परत भरणं हे वेगळंच दुखणं.

म्हणून एसटीसी-१००० हा डिजिटल थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारा डबा, ऑनलाइन मागवला, साडेपाचशेला. मुठीत मावेल एवढा डबा, पुढे लाल आकडे, मागे आठ टर्मिनल. लोक तो जुन्या फ्रीजला, अंडी उबवायच्या पेटीला लावतात. कुलरला लावायचा म्हटल्यावर आमचा मोटार वाइंडिंगवाला आधी हसला, पण जोडणी त्यानेच नीट करून दिली. १ आणि २ ला सप्लाय, ३-४ ला सेन्सर, ५-६ हीटरसाठी, ७-८ थंड करणाऱ्या यंत्रासाठी. ७-८ मधून आपोआप वीज येत नाही, तो नुसता स्विच आहे. फेज १ वरून ७ वर लूप करून, म्हणजे तारेचा तुकडा जोडून, घ्यावा लागतो. 'आउटपुटच येत नाही' म्हणून डबा परत पाठवायच्या आधी एवढं बघा.

आम्ही त्यावर फक्त पंप घेतला. पंखा जुन्या बटणावरच आहे, कारण पंखा थांबला की डास.

सेटिंगसाठी 'एस' बटण तीन सेकंद दाबायचं. एफ-१ म्हणजे हवं ते तापमान, एफ-२ म्हणजे फरक. माझ्याकडे २७ आणि १ आहे, म्हणजे २८ ला पंप सुरू, २७ ला बंद. बंद झाल्यावरही ताट्या ओल्या असेपर्यंत गारवा येत राहतो, त्यामुळे आकडा २६ पर्यंत उतरतो. वाळ्याच्या जाड ताट्या असतील तर आणखी थोडा. म्हणून एफ-१ मनातल्या आकड्यापेक्षा एक अंश वर ठेवा. एफ-३ हा मिनिटांचा थांबा कॉम्प्रेसरसाठी असतो, पंपाला १ पुरे. लाइन जाऊन आली तरी सेटिंग पुसलं जात नाही. आमच्याकडे हे नसतं तर डबा कवडीच्या कामाचा नव्हता.

खरी गोम सेन्सर कुठे लावता यात आहे. मावसभाऊ जर्मनीत असतो. त्याच्या घरी खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या रेडिएटरला १ ते ५ आकड्यांची फिरकी आहे, ३ वर ठेवली की खोली साधारण २० अंशांवर राहते. त्याला वीजही लागत नाही. आतलं द्रव किंवा मेण तापून फुगतं आणि पाण्याची वाट दाबून धरतं. तो म्हणाला, फिरकीवर पडदा आला की तिला पडद्यामागची ऊबच कळते, खोली गारच राहते. आमचंही तेच. सेन्सर कुलरच्या झोतात टांगला तर पंप मिनिटा-मिनिटाला चालू-बंद. तो समोरच्या भिंतीला, खाटेच्या उंचीवर हवा. सोबतची वायर मीटरभरच होती, साध्या दोन तारा जोडून वाढवली; आकड्यात फरक दिसला नाही. तसाही हा डबा एखादा अंश इकडेतिकडे दाखवतोच.

नवतपा सरेपर्यंत आता कोणी रात्री उठलं नाही आणि सकाळी टाकीत पाणी उरतं. विजेचं बिल मात्र यानं कमी होत नाही, १८ वॅटच्या पंपात वाचणार काय? रिलेचा, म्हणजे डब्यातल्या स्विचचा, आवाजही आहे. पहिल्या रात्री आई म्हणाली, "बाबू, हे रातभर काऊन टिकटिक करते?" आता तिला सवय झाली.

मृगाचा पाऊस पडला की याचा उपयोग संपला. याला तापमान कळतं, दमटपणा कळत नाही. पावसाळी रात्री २८ दिसले की तो पंप चालवतो आणि खोली आणखी चिकचिकीत करतो. तेव्हा हाताने बंद करा. ज्यांच्या प्लास्टिकच्या कुलरला पंप-पंख्याचं एकच बटण आहे, त्यांनी याच्या नादी लागू नये.

पत्र्याच्या कुलरला अर्थिंग आणि तीन पिनांचा प्लग हवाच, महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं. हा डबा लावल्याने त्यातलं काही सुटत नाही. उलट पंप बंद दिसला तरी तो केव्हाही सुरू होऊ शकतो, म्हणून पाणी भरताना प्लगच काढायचा.

घेताना मागच्या पट्टीवर २२० व्होल्ट लिहिलंय का बघा, हुबेहूब असाच १२ व्होल्टचाही येतो. आणि सेन्सर एक जास्तीचा घेऊन ठेवा, '१० के एनटीसी' म्हणून मागा. आमच्याकडे उंदराने वायर कुरतडली, पडद्यावर 'ईई' आलं, शिट्टी वाजली आणि पंप बंद.