पर्लची डॉट-पॅकलिस्ट: यादी चोख, तपासणी अर्धवट

डिस्क भरली म्हणून होस्टिंगवाल्याकडे गेलो, तर ‘मोठा प्लॅन घ्या’ एवढंच उत्तर. दरमहा जादा पैसे भरण्यापेक्षा पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची नको असलेली मॉड्यूल्स (तयार कोडचे जोडभाग) काढू म्हटलं आणि कोणत्या मॉड्यूलच्या फाइली कुठे आहेत हे दाखवणारं इन्स्टमॉडएसएच हे टूल हाताशी धरलं. पर्लबरोबरच येतं, फुकट.

त्यात एकेका अक्षराच्या कमांड: ‘एम’ आणि मॉड्यूलचं नाव, मग ‘एफ’. मॉड्यूलच्या फाइली, मॅन पेज (मदतीचं पान), बिन फोल्डरमध्ये पडलेली स्क्रिप्ट, सगळं पूर्ण पाथसकट समोर. ही माहिती ‘मेक इन्स्टॉल’च्या, म्हणजे मॉड्यूल बसवण्याच्या, वेळी लिहिल्या जाणाऱ्या डॉट-पॅकलिस्ट या साध्या टेक्स्ट फाइलमधून येते.

सुरुवातीला मी भयंकर वैतागलो होतो, कारण ॲप्टने, म्हणजे डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरने, टाकलेलं एकही मॉड्यूल दिसेना. डेबियन आपल्या पॅकेजांतून पॅकलिस्ट मुद्दाम काढतं. त्यांची नोंद डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकाकडे असते. आता ही विभागणी मला पटलीय. ॲप्टचं डीपीकेजीला विचारायचं, सीपॅन या पर्ल मॉड्यूल्सच्या ऑनलाइन भांडारातून घेतलेल्यांचं इकडे. नोंदी एकमेकींत मिसळत नाहीत.

फाइली तपासणाऱ्या ‘व्ही’ या कमांडला मात्र माफी नाही. सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा चालू झाला आणि रात्रीची बिलांची स्क्रिप्ट ‘डिड नॉट रिटर्न अ ट्रू व्हॅल्यू’ म्हणत मरायला लागली. ‘व्ही’ दाबलं, तर म्हणे एकही फाइल गायब नाही. शेवटी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून पाहिलं: मॉड्यूलची मुख्य फाइल शून्य बाइट! फाइल जागेवर आहे का, एवढंच ‘व्ही’ बघतं. आत काय आहे हे बघतच नाही, कारण पॅकलिस्टमध्ये चेकसमच (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, बदल झाला तर तो पकडणारा आकडा) नसतो. डेबियनची पॅकेजं एमडी5 नावाचा चेकसम बाळगतात, पायथन भाषेच्या पिप या इन्स्टॉलरची रेकॉर्ड फाइल एसएचए-256 हा चेकसम आणि आकारही लिहिते. मग इथेच का नाही? हे खटकतं ते खटकतंच. आता मी प्रत्येक इन्स्टॉलनंतर ‘एफ’ची यादी घेऊन एसएचए256सम या चेकसम काढणाऱ्या कमांडचं आउटपुट वेगळं जपतो.

जागेचं म्हणाल तर खरी खादाड होती होम फोल्डरमधली डॉट-सीपॅनची बिल्ड डिरेक्टरी, जिथे मॉड्यूल्स बसवण्याआधी उलगडून तयार होतात. ती पॅकलिस्टमध्ये येत नाही, कारण पॅकलिस्टमध्ये फक्त इन्स्टॉल झालेल्या फाइलींची नोंद असते. ती साफ केली आणि प्लॅन आहे तोच राहिला.

एक सोय फार कुणी वापरत नाही: ‘टी’. मॉड्यूलच्या सगळ्या फाइलींचा टार, म्हणजे एकच गठ्ठा फाइल, बनतो. सीपॅनएम या मॉड्यूल बसवण्या-काढण्याच्या टूलच्या अनइन्स्टॉलला हात लावण्याआधी तो जरूर घ्या.