हिपॅटायटिस सी च्या गोळ्या, ८४ दिवस: तारीख पाहू नका, गोळ्या मोजा

सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर, लिव्हरच्या या रोगावरच्या दोन गोळ्या. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून घेतल्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत, हे माहीत असेलच. मला बाटलीबद्दल लिहायचं आहे.

पहिल्या बाटल्या २ सप्टेंबरला मिळाल्या. खिडकीवर सांगितलं, "पुढच्या महिन्यात याच तारखेला या." प्रत्येक बाटलीत गोळ्या २८. २६ ला सकाळी सहज पेपरवर उपडी केली तर चारच निघाल्या, म्हणजे २९ च्या रात्री संपणार. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी. ३० पासून तीन रात्री गोळीविना गेल्या असत्या. एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि तारीख दिली ती अशी! त्याचा राग अजून आहे. फवारणी सोडून २७ ला पहाटेच्या एसटीनं गेलो. तिकीट गेलं, मजूर परत पाठवावे लागले. बायको म्हणाली, "तारीख काहून पाह्यता, गोळ्या मोजा ना." त्याच रात्री तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर १ पासून ८४ पर्यंत आकडे घातले. शेवटचा आकडा २४ नोव्हेंबरवर आला.

बाकी त्रास फार नाही. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, दुपारी गळून जायचं. एकदा लग्नाला गेलो आणि रात्रीची गोळी राहिली. पहाटे आठवली, लगेच घेतली. १८ तासांच्या आत आठवलं तर घ्यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशीची वेळ पाळायची. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. दारू पूर्ण बंद. काविळीचा म्हणून कोणी पाला दिला तर तोही नको. लिव्हर कडक झालेल्यांना वेल्पाटासवीरची गोळी देतात. त्यांनी अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही.

आईनं माझं ताट-तांब्या वेगळं काढलं होतं. ते मी परत एकत्र ठेवायला लावलं. हा रोग जेवणाखाण्यातून लागत नाही, रक्तातून लागतो. म्हणून दाढीचा वस्तरा, ब्रश, नेलकटर एवढंच वेगळं. मला बहुधा १९९७ च्या अपघातात चढवलेल्या रक्तातून लागला असावा. रक्तपेढीत या रोगाची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. कळलं मात्र गावातल्या रक्तदान शिबिरानंतर, एवढ्या वर्षांनी.

इथपर्यंत दिवाळीत लिहिलं होतं आणि बाटलीच्या रागात दोन तारे दिले होते. ते आता बदलतो.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणूची तपासणी असते. माझ्याबरोबर सुरू केलेले दोघं बरं वाटतंय म्हणून गेलेच नाहीत. मी १६ फेब्रुवारीला रक्त दिलं. रिपोर्टवर लिहून आलं: विषाणू आढळला नाही. बायकोनं तो दोनदा वाचायला लावला आणि मग पदर डोळ्याला लावला. या गोळ्या येण्याआधी, इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळात सहा महिने ते वर्षभर इंजेक्शनं घ्यावी लागत, तरी कित्येकांचा विषाणू जात नसे.

रिपोर्ट सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवलाय. अँटिबॉडीची, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांची, साधी तपासणी पुढेही पॉझिटिव्हच येते, तेव्हा दाखवायला हाच कागद लागतो.

चार तारे. खिडकीवर २८ दिवस मोजून तारीख लिहून देऊ लागले की पाचवा देईन.