१८००-११-२३५६: सिगारेटच्या पाकिटावरचा नंबर लावून बघा

भोसरी एमआयडीसीत कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर असतो. कारखान्याच्या आत सिगारेट ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून कायद्यानेच बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. चांगलंच आहे, शेजारच्या मशीनवरच्या न ओढणाऱ्याच्या छातीत धूर जात नाही. पण चहाच्या सुट्टीत गेटबाहेरची टपरी आहेच. माझी सुटली ती या फोनमुळे.

नॅशनल टोबॅको क्विटलाइन, म्हणजे तंबाखू-सिगारेट सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा. फोन फुकट, सल्लाही फुकट. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं कॅन्सरवर भाषण ऐकावं लागेल. पलीकडच्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते?" मला तोंड धुवायच्या आधी लागायची. तंबाखूतल्या निकोटिनची पकड किती घट्ट आहे ते यावरून कळतं म्हणे. मग कुठे, कुणाबरोबर, जेवणानंतर की चहाबरोबर, असं सगळं विचारलं. सोडायची तारीख माझ्याकडूनच ठरवून घेतली, फक्त तिसऱ्या पाळीचा आठवडा टाळायला लावला. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, हात गुंतवा. ऐकायला साधं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात डोकं भणभणतं तेव्हा एवढंच हाताशी असतं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे नंतर तेच फोन करतात. कुणीतरी विचारणार आहे म्हटलं की माणूस टिकतो.

औषध मात्र ते घरी पाठवत नाहीत. निकोटिनचं च्युइंगम मी डॉक्टरांना विचारून घेतलं. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नाही. हळू चावायचं, चुरचुरलं की गालात धरून ठेवायचं. चहा पिता पिता तर नकोच.

तंबाखू मळणाऱ्यांनीही हाच नंबर लावावा. सप्टेंबर २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर आणि पुडीवर छापलेला असतो. पण आमच्या लाइनवरची पोरं टपरीवर एकेक सुटी सिगारेट घेतात. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी मिळते. पाकीट त्यांच्या हातात येतच नाही, मग नंबर दिसणार कुठून? टपरीवर लायटर टांगलेला असतो, त्याच्या शेजारी हा नंबर मोठ्या अक्षरांत लावायला हवा.