एक वाक्यही खोटं नव्हतं

वापरलेली फोर बाय फोर मोटारहोम, म्हणजे चारही चाकं ओढणारी, पाठीवर घर असलेली गाडी, घ्यायचा विचार चालू असेल तर हे वाचा आणि मग टोकन द्या. मी आधी टोकन दिलं आणि अक्कल नंतर आली.

निवृत्तीनंतर बायकोबरोबर स्पिती-लडाखला स्वतःच्या गाडीतून जायचं, हे जुनं वेड. नवीन बांधून घ्यायचे आकडे ऐकून गप्प बसलो होतो. भाड्याने मिळतात, पण दोन महिन्यांचं भाडं काढलं तर अर्धी गाडीच होते. मग जुनी शोधायला लागलो. आपल्याकडे ‘कॅम्पर’ शोधलं की बोलेरो कॅम्परच समोर येतात, टोमॅटोचे क्रेट लादून मार्केट यार्डाकडे निघालेल्या. त्या गर्दीत ही दिसली: 2014 ची डबल केबिन फोर बाय फोर पिकअप, मागे बांधलेलं छोटं घर, पलंग, ओटा, टाकी, सोलर. पिकअपच्या कंपनीचं नाव घेत नाही, तिचा बिचारीचा काही दोष नाही.

गाडी नाशिकच्या बाजूला होती. मालक पन्नाशीचे, बोलायला मऊ. चहा झाला, चिवडा झाला, मग चावी. पुणे-नाशिक करून दमलेला माणूस चहा पिऊन गाडीकडे प्रेमानेच बघतो, हे त्यांना बहुतेक माहीत असावं.

आमची ही चारचौघांत फारसं बोलत नाही, पण तिथे तिने नेमका प्रश्न विचारला. “दादा, पुढची चाकं पण ओढतात ना? एकदा लावून दाखवा की.”

“वहिनी, डांबरावर फोर बाय फोर टाकायचं नसतं. आतलं सगळं मोडेल.”

हे शंभर टक्के खरं आहे. अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांची जोडणी थेट असते. वळताना दोन्हीकडची चाकं कमीजास्त अंतर कापतात, घसरायला माती नसली की सगळा ताण आतल्या दातऱ्यांवर येतो. मी हे वाचून गेलो होतो, त्यामुळे हिच्याकडे जरा मोठेपणाने बघितलं. आज ते बघणं आठवलं की कानशिलं गरम होतात.

तरी त्यांनी ‘दाखवलं’. लिव्हर फोर लोला, म्हणजे चारही चाकं जोडून जास्त ताकद देणाऱ्या हळू गिअरला, टाकला, डॅशबोर्डवर दिवा लागला, आणि अंगणाबाहेरच्या चढावर गाडी क्लच सोडताच रेड्यासारखी चढली. “बघा ताकद!” मी बघितली. ताकद खरी होती, फक्त ती सगळी मागच्या दोन चाकांची होती.

बाकीची वाक्यंही अशीच. “आरसी ओरिजिनल आहे.” होती. “इन्शुरन्स चालू आहे.” होता. “लोन नील आहे.” फिटलेलं होतं. “परवा इंदूरची पार्टी येतेय.” हे कदाचित खोटं असेल, पण सिद्ध कसं करणार? साडेअकरापासून पावणेदहा लाखांवर सौदा ठरला. पन्नास हजार तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवले, बाकीचे चार दिवसांत. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘वाहन जसे आहे तसे, पाहून व खात्री करून’ असं लिहिलेलं होतं. मी सही केली.

जुलैत मुळशीच्या पुढे मित्राच्या शेतावर गेलो. खाचरांच्या कडेचा रस्ता, चिखल घोट्यापर्यंत. मुद्दामच घातली गाडी, नाहीतर फोर बाय फोर कशाला घेतली? चाळीस फुटांवर ती बसली. लिव्हर टाकला, दिवा लागला, मागची चाकं चिखल उडवत खोल खोल जायला लागली. ट्रॅक्टर घेऊन आलेला पोरगा बांधावर उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, “काका, पुढची चाकं फिरतच न्हाईत.”

ट्रॅक्टरने ओढून काढल्यावर तोच गाडीखाली शिरला आणि मलाही बोलावलं. ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारा मधला डबा, त्यापासून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, ताकद नेणारा दांडा, जागेवर होता. पुढे जाणारा नव्हताच. जिथे तो जोडायचा, त्या फ्लँजवर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून बाइंडिंगच्या तारेने आवळली होती. निगुतीने, तीन वेढे. पिशवीवरची कंपनीची छपाईसुद्धा वाचता येत होती.

पुण्यातल्या मेकॅनिकने पुढचं डिफरन्शियल, म्हणजे दांड्याची ताकद दोन्ही चाकांना देणारी गिअरपेटी, उघडलं तर आतल्या क्राउन-पिनियन गिअरचे दात गेलेले. आवाज येऊ नये म्हणून शाफ्टच काढून टाकलेला. डॅशबोर्डवरच्या दिव्याला काय, लिव्हर हलला की तो लागतो. चाकं फिरली की नाही, त्याला काय कळतंय.

तेव्हा गाडी बघायला जाल तर अंगावर जुने कपडे घाला आणि खाली आडवे व्हा. मधल्या डब्यातून एक दांडा मागे आणि एक पुढे गेलेला दिसला पाहिजे. मग भुसभुशीत माती किंवा वाळूचा ढीग शोधा, फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा गिअर) टाका आणि दुसऱ्या कुणाला तरी बाहेर उभं करून पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. डांबरावर नको म्हणाला तर बरोबरच आहे, म्हणा चला मातीत. मातीत यायला ज्याची गाडी धुतलेली असते, त्याच्याकडून निघा.

पण खरा फटका कागदांचा. आरटीओत फिटनेस तपासणीला नेली तेव्हा निरीक्षक गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “हे घर कुठल्या कागदावर आहे?” आरसीवर वर्ग गुड्स कॅरिअर, बॉडी ओपन. मोटारहोमसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या गाडीच्या आरसीवर तशी नोंद असते. माझ्या गाडीवर घर होतं ते कुणीतरी वर्कशॉपात लोखंडी अँगल आणि प्लाय लावून उभं केलेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल चालत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालक म्हणजे आता मी. इन्शुरन्सही पिकअपचा, घराचा त्यात उल्लेख नाही. गाडीचा हा वर्ग सरकारी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला असता तर दोन मिनिटांत दिसला असता. मी तिथे फक्त मालकाचं नाव जुळतंय का एवढंच बघितलं होतं. बँकेचा बोजाही कागदावर तसाच होता, कर्ज फिटलं तरी बोजा उतरवायचा फॉर्म 35 कुणी भरला नव्हता. त्याच्या हेलपाट्यांबद्दल लिहीत नाही.

वजनकाट्यावर नेली. रिकामी 2,790 किलो. आरसीवर एकूण मर्यादा 2,950. आम्ही दोघं मिळून एकशे चाळीस, म्हणजे उरले वीस किलो. पाण्याची टाकी शंभर लिटरची आहे. काट्यावरचा माणूस म्हणाला, “साहेब, लडाखला तहानलेलेच जा.”

नाशिकच्या त्या मालकांना फोन केला. चिडलो, ओरडलो. ते शांतच. “सर, मी काय खोटं बोललो तेवढं सांगा.” मी आठवत गेलो. स्टॅम्पपेपर काढून बघितला. त्यात ‘चारचाकी वाहन’ एवढंच होतं, ‘फोर बाय फोर’ हे शब्द कुठेच नव्हते. पोलीस चौकीत तोच कागद बघून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे.

घर क्रेनने उतरवलं. ते मित्राच्या शेतावर चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर आहे, राखणदार त्यात झोपतो. पहिल्याच पावसात पलंगाच्या उशाशी गळायला लागलं, तिथे त्याने पातेलं ठेवलंय. वरचं सीलंट ताजं पांढरं होतं, ते मी नाशिकला बघितलं होतं. मला वाटलं, माणूस गाडीची निगा राखतो.