नऊ महिने एकाच मेडिकलवर: आबांची शुगर आणि नारंगी टोपणाची सिरिंज

आमचं गाव औसा तालुक्यातलं, आबांचं वय 68. इन्सुलिन सुरू होऊन दीड वर्ष झालं तरी उपाशीपोटीची शुगर 250 च्या खाली यायला तयार नव्हती. घरात रोजचा एकच वाद, तुम्ही चोरून गोड खाता. आबा शपथा घ्यायचे, आम्ही मानायचो नाही. ऑगस्टात लातूरला वेगळ्या मेडिकलवर गेलो, तेही तिथं गाडी लावायला जागा होती म्हणून.

फार्मासिस्ट मॅडमनी बाटली द्यायच्या आधीच विचारलं, "आबा, सिरिंज कोणती वापरता?" आबांनी पिशवीतून काढून दाखवली. नारंगी टोपण. बाटली मात्र 40 ची (एका मिलीत 40 युनिट), तिला लाल टोपणाची लागते. नारंगी असते 100 च्या इन्सुलिनसाठी. म्हणजे आबा 20 च्या खुणेपर्यंत भरायचे, अंगात जायचे फक्त 8 युनिट! आधीच्या दुकानानं (नाव नको) महिनोन्‌महिने हीच जोडी हातात ठेवली होती. मॅडमनी लाल टोपणाची दिली आणि म्हणाल्या, "आता एकदम 20 जातील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका." तिथूनच फोन लावायला लावला. डॉक्टरांनी 12 पासून सुरू करून हळूहळू वाढवलं.

परत येताना आबा गाडीत एवढंच बोलले, "मग मी गोड खात नव्हतो ना?"

पुढं दर महिन्याला काही ना काही निघत गेलं. बेंबीच्या डाव्या बाजूला एकाच जागी टोचून गाठ झाली होती, तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही म्हणे. गुळाच्या हातानंच बोट टोचल्यावर आलेले 310, हात धुऊन पुन्हा बघितले तर 190. कार्तिकी एकादशीला आबांनी उपास धरला, गोळी आणि सुई मात्र रोजच्यासारखीच. दुपारी दरदरून घाम, शुगर 62. मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात दिली आणि पंधरा मिनिटांनी परत तपासली. उपासाचा डोस विचारला तर म्हणाल्या, ते डॉक्टरच ठरवतील. हे मला आवडलं.

सध्या मे महिना, पारा 42 वर, लाइटीचा भरवसा नाही. चालू बाटली लहान मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूच्या घमेल्यात, सावलीला. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनानं लिहिलेली. 28 दिवस झाले की टाकायची. न उघडलेली फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

तक्रारीही आहेत. संध्याकाळी सातनंतर काउंटरवर जत्रा असते, आबांची शुगर सगळ्या रांगेला ऐकू जाते. मॅडम सुट्टीवर असल्या की पोरगा नुसती चिठ्ठी बघून देतो, भिंतीवरचं सर्टिफिकेट तेवढं जागेवर. शुगर तपासायच्या स्ट्रिपांचा खर्च तर मशीनपेक्षा केव्हाच पुढं गेला. तरी या मेडिकलला पाचातले चार स्टार द्यावे लागतील.

तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी (HbA1c) 10.6 टक्के होती, आता 7.8. आबा पारावर बसले की शुगरवाल्यांना बाटली आणि सिरिंज दोन्ही आणायला लावतात. आतापर्यंत एक नारंगी सापडलंय.